माझ्या हातानं खुडलेली पानं

पानमळ्यात पायात काही घालून जात नाहीत, हे मला सोळाव्या वर्षी कळलं. इतक्या उशिरा कळण्याचं कारण असं की मी त्या घरची असूनही त्या घरात वाढले नव्हते.

आमचा पानमळा निमगाव केतकीला आहे. पण तात्या, म्हणजे माझे वडील, पुष्कळ वर्षं बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होते आणि आम्ही तिथेच राहत होतो. कचेरीतल्या साहेबाच्या मडमेनं मला एकदा ओसरीवर पाटी घेऊन चित्र काढताना पाहिलं आणि हिला पुण्याच्या इंग्रजी शाळेत घाला म्हणून ती तात्यांच्या मागे लागली. साहेबाच्या घरून आलेला शब्द तात्यांना मोडवला नाही. आठव्या वर्षी मी पुण्याच्या वसतिगृहात गेले. लोखंडी खाट, लोखंडी ट्रंक, पट्ट्याचे काळे बूट आणि उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत इंग्रजी. मुळात मी कमी बोलणारी. तिथे आणखी कमी बोलायला शिकले. बघत राहणं सोपं होतं. बघण्यात कुणी चुका काढत नव्हतं.

आजोबा वारल्यावर तात्यांनी नोकरी सोडली आणि घर निमगावला हललं. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली ही हकीकत आहे. जूनमध्ये मी मॅट्रिकच्या वर्गात जाणार होते. वर्गात मराठी घरच्या आम्ही तिघी होतो. त्यातल्या दोघी एकेका सुट्टीत घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या खाटांवर नव्या मुली आल्या. मी तिसरी. मला मॅट्रिक व्हायचं होतं. पुढचं मी ठरवलं नव्हतं, पण एवढं ठरवलं होतं.

तात्या मला न्यायला बारामतीच्या स्टेशनवर आले. तिथून आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. मोटारीच्या आवाजात आपलं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही याची खात्री झाल्यावर मी विचारलं, "तात्या, मॅट्रिक होईपर्यंत माझं काही ठरवणार नाही ना?"

ते बाहेर बघत होते. म्हणाले, "तुझ्या होकाराशिवाय काही ठरवणार नाही. झालं?"

मी विचारलं होतं एक आणि उत्तर आलं होतं दुसरं, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी मला ते पुरलं. माझा होकार माझ्याकडेच होता आणि तो मी देणार नव्हते.

घरात आई होती, माझी अकरा वर्षांची धाकटी बहीण होती, आणि आत्या होती. आत्या ही तात्यांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं तिला वर्षभर नांदवून परत आणून सोडलं होतं, आणि तेव्हापासून मळा तिच्या हातात होता. तात्या घरचे मालक खरे, पण कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचं आणि कोणता वेल कधी उतरवायचा हे आत्या सांगायची. गडी तिला भिऊन असत. आत्याच्या हातची पानांची डाली असली की पुण्याचा व्यापारी वरचं फडकंसुद्धा उचलून बघत नाही, असं तात्या अभिमानानं सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळा बघायला गेले. बूट घातलेले होते, कारण बुटांशिवाय बाहेर पडायचं माझ्या मनातच येत नव्हतं.

"थांब! थांब तितंच!" आत्या आतून ओरडली. "पायात काय हाय त्ये?"

"बूट," मी म्हणाले.

"बूट हाय त्ये मला बी दिसतंय. देवळात जाशील का तसली?"

पाटाच्या कडेला दोन गडी लव्हाळा भिजवत बसले होते. त्यातला म्हातारा म्हणाला, "असू द्या की आक्का, मडमला काटं बोचत्याल."

"माझ्या मळ्यात काटा गावला तर तूच खा त्यो," आत्या म्हणाली. "काढ गं बूट. तितं दगडावर ठेव. आन् पाय धुऊन ये."

बूट काढून, पाटात पाय धुऊन मी आत गेले. आत अंधार नव्हता आणि ऊनही नव्हतं. शेवरीच्या आणि हादग्याच्या उंच रांगा, त्यांना लव्हाळ्यानं बांधत वर नेलेले वेल, आणि खाली ओली, गार माती. मला ते छान वाटलं असं मी म्हणणार नाही. मला ते एकसारखं वाटलं. या रांगेत पानं, त्या रांगेत तीच पानं. मी थोडं फिरले आणि बाहेर येऊन बूट घातले.

पुढचे काही दिवस मी पुस्तक घेऊन ओसरीवर बसले. ट्रंकेच्या मागे भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायची, म्हणजे शाळा उघडायला किती दिवस उरले ते कळायचं. गावातल्या बायका पाण्याला जाताना थांबून माझ्याकडे बघत. एकदा एक जण दुसरीला म्हणाली, "मुकी हाय का गं?" दुसरी म्हणाली, "न्हाय, इंग्रजी हाय." दोघी हसत पुढे गेल्या. मलाही हसू आलं होतं, पण त्या गेल्यावर.

मग एक दिवस आत्या समोर येऊन उभी राहिली. "पुस्तक पळून जात न्हाय. चल."

तिनं माझ्या अंगठ्यावर पत्र्याची नखी चढवली. पान देठाशी धरायचं आणि नखीनं खुडायचं. मी रांगेत उभी राहून हाताला येतील ती पानं खुडत गेले. चांगली तुकतुकीत पाहून खुडली. टोपलीत पन्नासेक झाल्यावर आत्यानं टोपली ओढली, पानं एकेक करून पालथी केली आणि बाजूला टाकत गेली. शेवटी टोपलीत चार उरली.

"ही का टाकलीस?" मी विचारलं.

"तूच सांग."

मला सांगता येईना. तिनं टाकलेली आणि ठेवलेली मला सारखीच दिसत होती.

"उभ्यानं पान दिसत न्हाय," आत्या म्हणाली. "उभ्यानं नुसतं तोंड दिसतं, आन् तोंड सगळ्यांचंच चकाकतं. बस खाली. आजून खाली. आता वर बघ."

मी ओल्या मातीत उकिडवी बसले आणि मान वर केली.

शाळेत वनस्पतिशास्त्राच्या वहीत मी पुष्कळ पानं काढली होती. कागदावर वाळवलेलं पान ठेवायचं, वरून बघून काढायचं आणि नावं लिहायची. बाईंनी त्या वहीवर शेरासुद्धा दिला होता. पण पानाखाली बसून, वरच्या उजेडात त्याच्यातून आरपार मी कधी बघितलं नव्हतं. देठापासून शिरा निघत होत्या, पसरत होत्या आणि टोकाशी पुन्हा एकमेकींच्या जवळ येत होत्या. त्यांच्या मधली जाळी इतकी बारीक होती की नजर ठरत नव्हती. जे पान वरून निर्दोष वाटत होतं त्याच्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्यातून उन्हाचा ठिपका येत होता. कोवळी पानं पोपटी उजळली होती. जून पानं गडद, आणि त्यांच्या कडेला किंचित पिवळं येऊ लागलेलं. एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. मी जिथे रोज एकच गोष्ट बघून कंटाळले होते तिथे हजारो गोष्टी होत्या, आणि त्या दिसायला मला फक्त खाली बसावं लागलं होतं.

"दिसलं?" आत्यानं विचारलं.

"दिसलं."

"मग खुड."

त्या दिवसापासून मी रोज तिच्याबरोबर जाऊ लागले. आणि नुसती पानंच नव्हेत. मला सवयच लागली. वर्षानुवर्षं दारात उभं राहून आईला स्वयंपाक करताना बघितलं होतं. एकदा चुलीजवळ जमिनीवर बसून बघितलं तेव्हा कळलं की भाकरी थापताना ती ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणते आणि कुणी आलं की थांबते. मला तिथे बसलेली बघून ती थांबली नाही. भाकरीची पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्यावर आईच्या बोटांचे चार उथळ खड्डे होते. विहिरीवर मोट ओततात त्या थारोळ्याखाली बसून ती वर येताना बघितली. निम्मं पाणी गळत परत विहिरीत जायचं, आणि ते गळणारं पाणीच उन्हात चमकायचं. हे सगळं आधीपासून तिथे होतं. मीच उभी होते.

आणखी एक झालं. मी बोलू लागले. आत्याबरोबर रांगेत बसल्यावर समोरासमोर बघावं लागत नव्हतं, दोघींच्या माना वर असत, त्यामुळे असेल. मी तिला वसतिगृहाबद्दल सांगितलं, खाटा रिकाम्या होऊन भरतात ते सांगितलं. मला मॅट्रिक व्हायचंय आणि मग जमलं तर शिकवायचंय, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. ती म्हणाली, "लई लांबचं बघतीस गं बाय." एवढंच.

कोळशाच्या रेघा ओढायच्या मी विसरू लागले. विसरले म्हणजे जायचं मनातून गेलं असं नव्हे. दिवस मोजावेसे वाटत नव्हते, इतकंच.

वैशाखातल्या एका दुपारी आत्या म्हणाली, "उद्या एकशे एक पानं काढायची हायती. देवाच्या कामाला."

"कोणत्या देवाच्या?"

"देवाला नाव पुसत्यात का? तू खुडायची. तूच. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा न्हाय. डाग न्हाय, भोक न्हाय, देठ आख्खा."

मला त्याचा अभिमान वाटला. तिनं गड्यांना सोडून मला निवडलं होतं. सकाळी नहाऊन मी मळ्यात गेले आणि दुपारपर्यंत खाली बसून, प्रत्येक पानातून ऊन बघून एकेक खुडलं. नव्वदनंतर फार जड गेलं. शेवटच्या पानासाठी मी सगळ्या रांगा पुन्हा फिरले. ते मिळालं तेव्हा मी एकटीच हसले.

ओल्या फडक्यात पानं बांधून मी आत्याकडे गेले, तर तिनं हात मागे घेतले. "मला नगं. तुझ्या बापाच्या हातात दे."

तात्या धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून तयार होते. मी फडकं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते लगेच घेतलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग घेतलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तात्यांनी असा हात ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. पुण्यात वाढलेल्या मुलीनं घरचं काम हातात घेतलं म्हणून त्यांना बरं वाटलं असणार, असं मी समजले. ते इंदापूरच्या मोटारीनं गेले. आईनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

दिवेलागणीच्या आधी तात्या परत आले. कपाळाला कुंकू, हातात नारळ आणि साखरेचा पुडा. मोटार थांबते तिथून घरापर्यंत येताना बातमी त्यांच्या पुढे आली असावी, कारण शेजारच्या बायका अगोदरच ओसरीवर जमल्या होत्या. त्यांतल्या एकीनं माझी मूठ उघडून तळव्यावर साखर ठेवली.

"इंदापूरकरीण झालीस की गं!"

"कोण?" मी विचारलं.

सगळ्या हसल्या. "कोण म्हणती! बघा, लाजती कशी!"

मला तोंडातून शब्द काढता येईना, आणि जितकी मी गप्प राहिले तितक्या त्या जास्त हसल्या. साखर तळव्यावर चिकट होत गेली. जन्मभर मी गप्प राहून स्वतःला जपत आले होते. त्या संध्याकाळी त्याच गप्प राहण्याचा सगळ्यांनी होकार केला.

बायका गेल्यावर मी तात्यांसमोर जाऊन उभी राहिले. ते पटका सोडत होते.

"तात्या, तुम्ही मला विचारलं नाहीत."

त्यांचे हात थांबले. "विचारलं नाही? अगं, मग पानं कुणी दिली?"

"देवाच्या कामाला म्हणून दिली."

मग त्यांनी, पूर्वी कचेरीतला नियम समजावत तशा शांत आवाजात, मला सांगितलं. आमच्या घरात मुलीला तोंडावर कधी विचारत नाहीत. तिला अवघड वाटू नये म्हणून. स्थळ कळवतात, आणि मग तिची मर्जी असेल तर ती आपल्या हातानं एकशे एक पानं खुडून बापाच्या हातात देते. ती पानं घेऊन बाप सुपारी फोडायला जातो. मुलीनं पानं दिली नाहीत तर तो जात नाही, आणि का म्हणून तिला कुणी विचारत नाही. त्यांच्या एका चुलत बहिणीनं दोन स्थळांना पानं दिली नव्हती. दोन्ही वेळा तिचे वडील घरी बसले.

"मी आक्काला बजावलं होतं," तात्या म्हणाले. "म्हटलं, ती बाहेर वाढलेली आहे, तिला रीत ठाऊक नाही. सगळं नीट सांग, मग तिची मर्जी." ते स्वयंपाकघराकडे वळले. "आक्का! सांगितलं होतंस ना तिला?"

आत्या उंबऱ्यात आली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"पानं तिनंच खुडली," ती म्हणाली. "म्या हात लावला न्हाय."

तात्यांना कळलं. त्यांना कळलेलं मी बघितलं. चेहरा आधी सैल पडला आणि मग पुन्हा घट्ट झाला. मी वाट बघत होते. मला अजून वाटत होतं की आता ते पटका पुन्हा बांधतील. मोटारीत त्यांनी जे कबूल केलं होतं ते मोडलं गेलं होतं, पण त्यांच्या हातून नाही. उद्या सकाळी इंदापूरला जाऊन चूक झाली म्हणून सांगता येण्यासारखं होतं.

त्यांनी पटका हळूहळू उलगडला आणि त्याची घडी घातली. "पाच माणसांत पान खाल्लंय गं आता," ते घडीकडे बघत म्हणाले. "माणसं चांगली आहेत."

आत्यानं मला काल फसवलं होतं. तात्यांनी आत्ता, सगळं कळल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक आहे. किती दिवस झाले, खूश दिसत होतीस. मळ्यातून येताना गाणं म्हणत यायचीस."

मी गाणं म्हणत यायचे हे मला माहीत नव्हतं. ते खरं असणार. मला त्या मळ्यात सुख मिळालं होतं, आणि त्याचीच साक्ष माझ्याविरुद्ध निघाली.

सकाळी मी बूट घातले. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळले आणि मळ्यात गेले. दगडापाशी थांबले नाही.

म्हाताऱ्या गड्याच्या हातातला लव्हाळा खाली पडला. आत्या रांगेत बसली होती. तिनं बूट बघितले, मग मला बघितलं. ओरडली नाही.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पानं दिली नसतीस."

"मग तेच माझं उत्तर होतं, आत्या."

"मला ठावं हाय त्ये." ती मातीकडे बघत राहिली. "वेल किती वर जाऊ द्यायचा? शेंड्याला गेला की खाली उतरवून मातीत घालावाच लागतो. तवाच त्याला नवी फूट येती."

"मी वेल नाही."

"न्हाईस." ती म्हणाली, "माझी पानं माझ्या आयनं खुडली. म्या आठ वर्साची हुते, मला कुणी मळ्यात बी नेलं न्हाय. तुझी निदान तुझ्या हातनं झाली. आन् इंदापूर चार कोसावर हाय. पुण्याला गेली असतीस तर परत आली असतीस का?"

आलेच नसते कदाचित. पण ते माझं मी ठरवायचं होतं.

"पान बघायला शिकवलंस," मी विचारलं, "ते यासाठीच?"

तिनं बराच वेळ घेतला. तिनं चटकन नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, आणि चटकन हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

"पयल्या दिशी न्हाय," ती म्हणाली. "पयल्या दिशी तू नुसती बसून ऱ्हायली हुतीस म्हून. मग तुझा हात बघितला, नजर बघितली. मग वाटलं, ही हितलीच हाय."

"कोणत्या दिवसापासून वाटलं?"

"दिस मोजलं न्हाईत म्या."

तो दिवस मी अजून शोधते आहे. चुलीजवळ बसून आईचं गुणगुणणं ऐकलं तो दिवस आत्याच्या खऱ्या शिकवण्याच्या बाजूला पडतो की दुसऱ्या? मी तिला शाळेचं सांगितलं तेव्हा ती नुसती ऐकत होती, की तेव्हाच तिचं ठरलेलं होतं? माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले वीसेक दिवस आहेत ते, आणि त्यांतला कोणता खरा मानावा हे मला सांगता येत नाही.

मी बूट घालूनच रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले आणि पलीकडून बाहेर पडले. वळून बघितलं तेव्हा आत्या वाकून ओल्या मातीतले माझ्या बुटांचे ठसे तळहातानं एकेक सारखे करत येत होती. गडी उभे राहून बघत होते. तिनं त्यांना हात लावू दिला नाही.

लग्न ज्येष्ठात झालं. शाळा उघडली त्या आठवड्यात मी इंदापूरला होते. ट्रंक माझ्याबरोबर आली. तिच्यात आता लुगडी होती आणि तळाशी बूट.

त्याला तीन वर्षं झाली. माझे यजमान इथल्या मामलेदार कचेरीत आहेत. ते वाईट नाहीत. मॅट्रिकचं मी त्यांना पहिल्या वर्षीच सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मला हे कुणी बोललं नाही. मला सांगितलं, मुलीनं स्वतः पानं दिली."

सासरी पानमळा नाही. लिंबाची बाग आहे आणि थोडा भाजीपाला. पहिले काही महिने मी सगळ्याकडे उभ्यानंच बघायचं असं ठरवलं होतं. आत्यानं दिलेली नजर मला नको होती. पण एक दिवस लिंबं वेचताना झाडाखाली वाकले आणि सवयीनं मान वर गेली. लिंबाच्या पानातून ऊन बघितलं तर त्यात असंख्य बारीक ठिपके उजळलेले दिसतात, कुणी सुईनं टोचून ठेवावेत तसे. भोकं नव्हेत, पान चुरगाळलं की ज्याचा वास येतो ते तेल तिथे साठलेलं असतं. हे मला आत्यानं शिकवलेलं नाही. हे माझं मी पाहिलं. तेव्हापासून मी पुन्हा खाली बसते. वांग्याच्या फुलांखाली बसते, माठाच्या बुडाशी थेंब कसा जमतो ते बघते. त्यानं झालं ते भरून निघत नाही. पण दिसणारं दिसत नाही असं म्हणायला मी तयार नाही.

दर बाजाराला निमगावहून मोटारीनं एक डाली येते. आत्या पाठवते. पहिलं वर्षभर मी ती न उघडता शेजारी देऊन टाकली. दुसऱ्या वर्षी उघडली. सगळी पानं पालथी, पाठ वर करून रचलेली होती, मला लगेच दिसावं म्हणून. एकाही पानात भोक नव्हतं. आमच्या घरात आता ती पानं खातात. मी खात नाही, आणि आत्याला निरोपही पाठवत नाही.

या चैत्रात यजमानांच्या कानावर आलं की तात्या माझ्या बहिणीसाठी स्थळं बघत आहेत. ती आता चौदा वर्षांची आहे, गावच्या मराठी शाळेत शिकली आहे. मी तिला पत्र लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि इथून निमगावला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईला ते तिच्याच हातात द्यायला सांगितलं. लिहिलं, तुला तोंडानं कुणी विचारणार नाही. एक दिवस तुला एकशे एक पानं खुडायला सांगतील. देवाची म्हणतील, कुणाच्या लग्नाची म्हणतील. ती खुडून तात्यांच्या हातात देणं म्हणजे हो म्हणणं आहे. नसतील द्यायची तर देऊ नकोस. ते घरी बसतील. तशी रीत आहे.

दोन बाजार गेले, उत्तर आलं नाही. तिसऱ्या बाजाराच्या डालीत, अगदी तळाच्या पानाखाली, घडी केलेली चिठ्ठी होती. अक्षर तिचं.

"ताई, पत्र वाचून चुलीत घातलं. आत्या मला रोज मळ्यात नेते. खाली बसून पानातून ऊन बघायला शिकवते. फार छान दिसतं. मी बघते. खुडत नाही."